टायरवाल्यामागचं कॉइन वॉश

कॅनडातल्या किचनर शहराच्या पूर्वेला, ग्वेल्फकडे जाणाऱ्या हायवे ७ ला लागायच्या आधी, एका टायरच्या दुकानामागे चार गाळ्यांचं कॉइन वॉश आहे, म्हणजे नाणी टाकून आपली गाडी आपणच धुवायची जागा. बोर्डावरची निम्मी अक्षरं कधीपासून पेटत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात त्याचं नाव 'टायरवाल्यामागचं' एवढंच. गेले सहा हिवाळे मी तिथे गाडी धुते. नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिल उजाडेपर्यंत, दहा-बारा दिवसांतून एकदा. लोकांनी या जागेला फारसे तारे दिलेले नाहीत. उजेड कमी आहे, साबणाला वास येतो, मशीनने नाणं खाल्लं तर विचारायला माणूस नसतो. तिन्ही तक्रारी खऱ्या. तरी मी चार तारे देतेय, आणि का देतेय ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

माझं माहेर कराडचं. अण्णांचं हायवेला लागून छोटं वॉशिंग सेंटर होतं. एक रॅम्प, एक पंप, एक प्रेशर गन. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रक यायचे, चिखल आणि पाचट चेसीपर्यंत बसलेलं. अण्णा रॅम्पच्या खड्ड्यात उतरून आधी पोट धुवायचे, मग वरचं. नवीन पोरगा कामाला लागला आणि त्याने बॉनेटवर पाणी मारायला सुरुवात केली की अण्णा खड्ड्यातूनच ओरडायचे, "वरून काय धुतोस, खालून धू की!" आमच्याकडे पाव्हण्यांनासुद्धा हे वाक्य पाठ आहे.

कॅनडात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी हे विसरले होते.

इथे जानेवारीत गाडी मळत नाही, खारावते. रस्त्यावर मीठ टाकतात. चिमूटभर नव्हे, ट्रकच्या मागे फिरती चकती लावून फेकतात, टायरखाली कुरकुर वाजतं. २००१ साली कॅनडा सरकारचा रस्त्यावरच्या मिठावर अहवाल आला होता, त्यात देशभरात वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ पडतं असं म्हटलं होतं. आमच्याकडचं बरंचसं येतं कुठून, ते एका उन्हाळ्यात बघून आले. किचनरहून दीड तासावर ह्युरॉन तलावाच्या काठी गॉडरिच नावाचं टुमदार गाव आहे. १८६६ मध्ये तिथे तेल शोधायला भोक पाडलं आणि मीठ लागलं. आज जगातली सर्वात मोठी भूमिगत मिठाची खाण तिथे आहे, तलावाच्या तळाखाली साडेपाचशे मीटर. किनाऱ्यावर पोरं पोहत होती, बाजूला बोटीत मीठ भरत होते, आणि मला माझ्या गाडीचं मडगार्ड आठवत होतं.

मिठाचं पाणी गोठता गोठत नाही, हाच त्याचा उपयोग आणि हाच त्याचा त्रास. पुरेसं मीठ विरघळलेलं पाणी पार उणे २१ पर्यंत पातळ राहतं. रस्त्यावर मात्र साधारण उणे १० च्या खाली साधं मीठ सुस्तावतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. टोरांटोत तर बीटाचा रस घातलेलं मिठाचं पाणीही मारतात. हे सगळं चाकं उडवतात आणि ते जाऊन बसतं दारांखालच्या पत्र्याच्या घडीत, ब्रेकच्या नळ्यांवर, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर. वाळलं की पांढरी पूड. ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि परत ओली होते.

आता गंमत अशी की कडक थंडीत गंज हळू चढतो. शून्याच्या आसपास, ओलं असताना, त्याला जोर येतो. माझी एक सहकारी अंडरग्राउंड पार्किंगवर फार खूश असते, सकाळी बर्फ खरवडायला लागत नाही म्हणून. पण खारावलेली गाडी रोज रात्री त्या उबदार तळघरात नेऊन लावायची म्हणजे गंजाला पाहुणचारच. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू गाड्यांशी बोलतेस का गं?" ती नागपूरची आहे, तिला थंडीची धास्ती माझ्यापेक्षा कमी.

पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाडी २०११ ची टोयोटा मॅट्रिक्स, तेव्हाच सेकंडहँड घेतलेली. फेब्रुवारी, उणे १७. पांढरी झालेली गाडी बघवेना म्हणून ड्यूटीवरून येताना एका पेट्रोल पंपावरच्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये घातली. सगळ्यात महागडं पॅकेज घेतलं, १८ डॉलर, रंगीत फेस, वॅक्स, पोटाखालचा फवारा, शेवटी मोठा ब्लोअर. गाडी इतकी चकाकली की मी घरी फोटो पाठवला. अण्णांचं उत्तर आलं, "खालचा फोटो धाड."

सकाळी पाच वाजता चारही दारं बंद. कुलूप उघडतंय, दार हलत नाही. दाराच्या रबरात राहिलेलं पाणी रात्रीत गोठून रबर आणि पत्रा एकजीव झाले होते. मी घाबरून ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल जोरात ओढलं आणि ते हातात आलं. मग डिकी उघडली, नशिबाने ती उघडली, आणि गुडघ्यापर्यंतचा कोट, जाड बूट, डब्याची पिशवी अशा थाटात मी मागून आत शिरले, मागची सीट पाडून, दोन सीटच्या मधून रांगत ड्रायव्हिंग सीटवर. समोरचे आजोबा बर्फ ढकलायचं फावडं हातात धरून बघत उभे होते. त्यांनी हात केला. मीही केला. दुसरं काय करणार? हँडलचा खर्च वॉशच्या दहापट झाला.

त्या हिवाळ्यानंतर मी दोन वर्षं सगळे प्रयोग करून पाहिले आणि शेवटी टायरवाल्यामागे आले.

जागेचं वर्णन करायचं तर गोदामासारखी. प्रत्येक गाळ्याला वर सरकणारं शटर, छताला फिरता दांडा, त्याला लोंबणारी होज, भिंतीवर गोल चकती: साबण, साधं पाणी, फेसाचा ब्रश, वॅक्स, डाग न राहणारं शेवटचं पाणी. कमीत कमी ४ डॉलर टाकावे लागतात, म्हणजे दोन टूनी. (२ डॉलरच्या नाण्याला इथे टूनी म्हणतात. १ डॉलरच्या नाण्यावर लून पक्षी आहे म्हणून ते लूनी, मग हे टूनी. नावं ठेवण्यात हे लोक आपल्या कोल्हापूरकरांच्या तोडीचे.) ४ डॉलरना साडेपाच मिनिटं मिळतात, मी घड्याळ लावून मोजलीत. शेवटची ३० सेकंदं मशीन टीं-टीं वाजत राहतं आणि माणूस उगाच धावपळ करतो.

जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्या आहेत, त्यामुळे फरशीवर बर्फ धरत नाही. थंडीच्या दिवसांत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उघड्या गाळ्यांच्या एका वॉशमध्ये मी एकदा गनसकट घसरले आहे. इथे गनमधून वापर नसतानाही बारीक धार चालू ठेवतात, पाणी थांबलं की होज गोठून फुटते म्हणून. चार नंबरच्या गाळ्यात गन टांगायचा हुक नेमका शटरच्या फटीजवळ आहे. त्या धारेखाली फेब्रुवारीत कमरेएवढं बर्फाचं लिंग तयार होतं. माझा लेक त्याला अमरनाथ म्हणतो आणि तिथे गाडी लावू देत नाही.

माझी पद्धत अशी. आत शिरल्यावर पैसे टाकायच्या आधी चाकांमागे लोंबणारे काळे बर्फाचे गोळे पायाने पाडायचे. कॅनडात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला यात आसुरी आनंद मिळतो, पण जास्त थंडीत ते दगड असतात आणि चिखलपट्टीसकट तुटतात, तेव्हा बेताने. सुटत नसेल तर राहू द्यायचा, गाळ्यातल्या उबेत पाच मिनिटांत सैल होतो. मग चकती साध्या पाण्यावर, आणि गन खाली. मडगार्डच्या आत वरच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे. पुढच्या चाकांच्या मागे दाराखालची घडी, दोन्ही बाजूंनी, पुढून मागे आणि परत मागून पुढे. मग गन जवळजवळ जमिनीला टेकवून पोटाखाली. मागच्या चाकांच्या आतला भाग लोक हमखास विसरतात आणि मीठ तिथेच जास्त साठतं. नाल्याच्या जाळीकडे वाहणारं पाणी आधी दुधासारखं, मग राखाडी, मग साधं दिसायला लागतं. ते साधं होईपर्यंत मी थांबत नाही. मी एका वेळी ८ डॉलर टाकते, त्यातले साडेपाच-सहा डॉलर इथेच जातात.

वरच्या अंगाला साबणाचा एक फेरा आणि एक पाणी. वॅक्सवर चकती मी आजवर फिरवलेली नाही. आणि फेसाच्या ब्रशला हातही लावू नका. तुमच्या आधी कुणीतरी त्याने पिकअप ट्रकची चाकं घासलेली असतात, वाळूचे कण केसांत अडकलेले असतात, आणि तोच ब्रश तुम्ही दारावर फिरवणार. माझ्या डाव्या मागच्या दारावरचे गोल गोल ओरखडे ही माझी पहिल्या महिन्याची फी. एक तारा कापलाय तो या ब्रशसाठी. वर्षानुवर्षं तोच आहे.

पाणी बंद झाल्यावरच खरं थंडीतलं काम सुरू होतं, आणि ऑटोमॅटिक वॉशमध्ये ते करायला मिळत नाही. इथे कुणी मागून हॉर्न मारत नाही, शटर खाली असतं. चारही दारं आणि डिकी उघडून रबरं कोरड्या पंचाने पुसायची. होय, पंचाच. सोलापुरी. मायक्रोफायबरची फडकी मी घेऊन पाहिली, पंचासारखं पाणी पीत नाहीत. दाराच्या चौकटीचा खालचा काठ पुसायचा, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत पुसायचं, वायपरची पाती पुसायची. बाहेर पडल्यावर रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा वेळा हलके ब्रेक दाबायचे, म्हणजे ते तापून वाळतात. घरी गेल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. ओला हँडब्रेक रात्री गोठला की सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. आमचा दारासमोरचा रस्ता सपाट आहे, गिअर पार्कवर टाकला की पुरतं. चढावर राहणाऱ्यांनी धुणंच दुपारी उरकावं.

रबराला काय लावायचं यावर माझं एक हसं झालेलं आहे. दुसऱ्या हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं, तेलाचा हात फिरव, चिकटणार नाही. मी कराडची, तेल म्हटलं की खोबरेल. निळी बाटली काढली आणि चारही दारांना अंगाला चोळावं तसं चोळलं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं हे कराडात डिसेंबरात बाटली उन्हात ठेवणाऱ्या मुलीला आठवू नये? सकाळी सगळ्या रबरांवर पांढरी मेणचट साय, आणि उन्हाळा येईपर्यंत गाडीत शॅम्पू न केलेल्या डोक्याचा वास. आता दर नोव्हेंबरला सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणते, बोटाने पातळ थर देते. एक ट्यूब दोन हिवाळे जाते. त्यानंतर दार एकदाही चिकटलेलं नाही.

कधी धुवायची याबद्दल मी सगळ्यात हट्टी आहे. हवामान बघून. उणे २ ते उणे ५, ऊन असलेला दिवस, आणि पुढे किमान दोन-तीन तास गाडी चालणार किंवा उन्हात उभी राहणार असेल तर उत्तम. उणे १० च्या खाली मी जात नाही. गाडी कितीही पांढरी दिसो, तेवढ्या थंडीत मीठ तसंही फार काही करत नाही. मालकसुद्धा उणे १५ ला शटरवर कागद चिकटवून बंद करतो, ही त्याची समजूतदारी. आणि जानेवारीत मध्येच शनिवारी पारा शून्याच्या वर गेला की जाऊ नका. सगळं गाव तिथे असतं, रांग टायरच्या दुकानाला वळसा घालून रस्त्यावर येते. माझी दुपारची पाळी असते, म्हणून मी आठवड्यात सकाळी साडेदहाला जाते. तेव्हा मी आणि एखादा टॅक्सीवाला.

घरच्या घरी धुवायचा विचार करणाऱ्यांसाठी: दारासमोर पाणी सांडलंत की तासाभरात स्केटिंग रिंक. बादलीत गरम पाणी आणून काचेवर तर अजिबात ओतू नका. आमच्या शेजाऱ्यांच्या काचेला खड्यामुळे बारीकसा टवका होता. त्यांनी किटलीभर उकळतं पाणी ओतलं आणि टवक्यापासून चीर या टोकाची त्या टोकाला गेली. आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

ऑटोमॅटिकवाल्यांवर माझा राग नाही. लेक आजारी असताना, हात गारठलेले असताना मीही गेले आहे, गाडीत बसल्या बसल्या दोन मिनिटांत काम होतं. पण पोटाखालचा फवारा तुमची गाडी वरून जाते तेवढे काही सेकंदच उडतो, मडगार्डच्या आत पोचत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या धुण्याला वापरलेलंच पाणी गाळून फिरवतात. गाळणीत माती अडकते, विरघळलेलं मीठ नाही. एवढे पैसे देऊन गाडीला खालून दुसऱ्याच्या गाडीचं मीठ लावून घ्यायचं मला जड जातं.

थंडी बाधते, हे खोटं कशाला सांगू? गनचं पाणी कोमट म्हणतात, मला ते कधी जाणवलं नाही, आणि अंगावर उडालेला तुषार बाहेर आल्यावर कोटावर कडक होतो. मी आत लोकरीचे हातमोजे आणि वरून भांडी घासायचे एक माप मोठे रबरी मोजे घालते. पिवळे. दिसायला विनोदी आहेत, पण वीस मिनिटं बोटं हलती राहतात.

नवऱ्याचं म्हणणं दरवर्षी एकच: परवा परत बर्फ पडणार, परत मीठ, मग कशाला? मागच्या ऑक्टोबरात त्याला मेकॅनिककडे घेऊन गेले. गाडी लिफ्टवर चढवली होती. मेकॅनिकने दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत नेली, ठण-ठण-ठण, शेवटपर्यंत तोच आवाज. शेजारच्या लिफ्टवर आमच्याहून चार वर्षं नवी गाडी होती, तिच्या त्याच जागी मूठ आपटल्यावर पापुद्रे गळून पडले. नवरा काही बोलला नाही. घरी येताना गाडी त्याने चालवली, खड्डे चुकवत.

अर्थात सगळं श्रेय पाण्याचं नाही. दरवर्षी मी खालून तेलाचा स्प्रेही मारून घेते. क्राउन, रस्ट चेक वगैरे हेच काम करणारी दुकानं ऑन्टारिओत जागोजागी आहेत. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी दुकानात उभी राहून हसले होते. पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा ट्रकच्या पोटाला डिझेल आणि जळकं ऑइल मारायचे, जवळजवळ तोच वास. तिकडे पावसासाठी, इकडे मिठासाठी. आता मी दसऱ्याच्या आठवड्यातच तारीख घेते. खंडेनवमीला झेंडूचा हार, आणि लगेच तेल.

जाणार असाल तर टूनी घेऊन जा. नोटांचे सुट्टे देणारं मशीन २० डॉलरची नोट घेत नाही आणि ५ ची घेतली तरी कधी कधी विचारात पडतं. गाळा नंबर दोन घ्या, तिथे पाण्याचा जोर चांगला आहे आणि ट्यूबलाइट दोन्ही चालू आहेत. निदान गेल्या मंगळवारपर्यंत होत्या.

मंगळवारी साडेदहाला मी तिथेच होते. कराडात रात्रीचे नऊ, अण्णांचं जेवण झालेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेले, वॉशिंग सेंटर कधीच विकलं. फोन मी बाजूच्या उलट्या बादलीवर उभा करून ठेवला होता आणि ते बारीक डोळे करून बघत होते. टीं-टीं सुरू झालं.

"काय वाजलं गं?"

"पैसे संपत आले, अण्णा."

"मग टाक की अजून. मागचं डावं चाक आतनं राहिलंय."